यादीत टोस्ट नव्हता

कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्या गावात आला तो तालुक्याच्या दवाखान्यातून, तात्यांच्या खिशातल्या घडी घातलेल्या कागदावर. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. छातीत कळ आली म्हणून त्यांना नेलं होतं. रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि कागदाच्या पाठीमागं यादी दिली : तूप बंद, लोणी बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. काकीनं त्याच सांजेला तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून न्याहारीची भाकरी गेली आणि चहा-टोस्ट आला. टोस्ट यादीत नव्हता. खारी नव्हती. साखर नव्हती. अन् बंडीच्या खिशातली तंबाखूची पिशवी? तिची तर कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

माझं भांडण गोळ्यांशी नाही, या यादीशी आहे. अशा याद्या घरोघरी गेल्या आणि त्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

ही यादी आली कुठून? १९१३ साली रशियात अनिच्कोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं सशांना कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या बुजलेल्या दाखवल्या. प्रयोग चोख होता, पण ससा हा पाला खाणारा जीव. तो जन्मात कधी अंडं खात नाही. त्याच्या अंगाला ते झेपणार कसं? माणसाचं तसं नाही. आपलं यकृत रोज स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं. पित्त त्यातूनच बनतं, पेशींची आवरणं त्यावर उभी असतात. खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपला हात आखडता घेतं. ज्या अमेरिकन ॲन्सेल कीज यांच्या माथी लोक हे सगळं खापर फोडतात, त्यांचाही रोख अंड्यातल्या कोलेस्टेरॉलवर नव्हता, संपृक्त चरबीवर होता. तरी १९६८ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेनं दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, अन् एका अंड्याच्या बलकात दोनशेच्या आसपास असतं. झालं, अंडं आरोपी! २०१५ च्या अमेरिकन आहार-सूचनांतून तो ३०० चा आकडा काढून टाकला. आरोप आमच्या गावात तातडीनं पोचला होता. सुटका झाल्याची बातमी अजून वाटेतच असावी.

शेंगदाण्याचं तर हसूच येतं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या अंगात असतं. भुईमुगाच्या शेंगेत ते येणार कुठून? तरी तेलाच्या पिशवीवर लाल बदाम छापून 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहितात. गोठ्यावर पाटी लावावी, 'आमचा रेडा दूध देत नाही', तसलाच हा प्रकार.

आणि तूप हाकलून आपण घरात घेतलं काय? माझ्या लहानपणी डालड्याचा पिवळा डबा, त्यावर ते हिरवं ताडाचं झाड. १९३७ पासून तो या देशात आहे. लग्नाच्या बुंदीला, दिवाळीच्या शंकरपाळ्याला तोच. तेलात हायड्रोजन सोडून ते थिजवायचं, असं ते तूप. त्या थिजवण्यात जी ट्रान्स चरबी तयार होते, ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. दोन्हीकडून मार. तेला-तुपातली ही चरबी २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडं लागू झाला जानेवारी २०२२ मध्ये! तोवर बेकऱ्यांतल्या खारी-टोस्टांत असलीच थिजवलेली चरबी सर्रास जात होती. म्हणजे बरणीतल्या चमचाभर तुपाला भिऊन आमचे तात्या चहात बुडवून काय खात होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

साखरेबद्दल बोललं की कृष्णाकाठी माणसं बिथरतात. कारखान्याची सभासदांची साखर दिवाळीला पोत्यानं घरात येते, तिला वाईट कसं म्हणायचं? पण अमेरिकेतल्या साखरवाल्यांनी साठच्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले, १९६७ साली साखरेवरचा संशय झाकणारा आणि चरबीवर बोट ठेवणारा लेख छापून आला, आणि तो पैसा उजेडात यायला २०१६ उजाडलं. हे कारखान्याच्या सभेत कुणी वाचून दाखवणार नाही. मी तरी इथं लिहून ठेवतो.

आता वारं उलटं फिरलंय. मोबाईलवर रोज कुणीतरी सांगतो, कोलेस्टेरॉल म्हणजे थोतांड, गोळ्या फेका, वाटीनं तूप प्या. हा दुसरा गाढवपणा. रक्तातलं एलडीएल वाढलं की रक्तवाहिन्या बुजतात हे खरंच आहे. काही घराण्यांत ते जन्मापासूनच इतकं असतं की पोराटोरांना हृदयविकार होतो. त्याचं कारण शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. एकदा झटका आलेल्या माणसाला स्टॅटिनच्या गोळीनं दुसऱ्या झटक्याचा धोका घटतो, यातही शंका उरलेली नाही. तुपातली चरबी एलडीएल वाढवते, हेही झाकायचं कारण नाही. पण भाकरीवर सोडलेलं चमचाभर आणि वाटीनं प्यायलेलं, यात फरक आहे की नाही? आजोबा भरपूर तूप खायचे म्हणून सांगतात. आजोबा दिवसभर नांगरामागं चालायचे, हे का सांगत नाहीत? नातू बांधापर्यंत मोटारसायकलवर जातो.

आमच्या आळीतल्या आबांनी असाच मोबाईल बघून गोळ्या बंद केल्या. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला माणूस. मी म्हटलं, "आबा, गोळी सोडलीत, तशी तंबाखू सोडलीत का?"

आबांनी तळहातावरचा चुना अंगठ्यानं मळत सांगितलं, "गुरुजी, मोबाईलात तंबाखूचं काय आलं न्हाई."

गोळ्या त्यांनी पुढं परत सुरू केल्या. माझ्या सांगण्यानं नव्हे, सुनेनं दोन दिवस अबोला धरला म्हणून. तंबाखूवर तिचं अजून भांडण चालू आहे.