‘आता पुढचे केव्हा?’ हे विचारणारे आपण कोण?

अपुऱ्या दिवसांची बाळंतीण घरी येऊन महिना लोटत नाही, तोच तिच्याभोवती पंच जमतात. बाळ दगावले असेल, तर ‘लवकर दुसरे होऊ द्या, म्हणजे दुःख विसरेल’ असा एका पक्षाचा निवाडा. बाळ काचेच्या पेटीतून जगून आले असेल, तर ‘आता एवढ्यावरच थांबा’ असा दुसऱ्याचा. तिला स्वतःला काय वाटते, हे दोन्हींपैकी कोणी विचारीत नाही. माझ्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच चुकतात. आणि आपल्याकडे ही चूक श्रद्धेच्या भाषेत बोलली जाते, म्हणून ती अधिक बोचते.

लासलगावात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या बाजार समितीने या गावाचे नाव देशभर नेले. पण त्या नावामागे खळ्यांवर दिवस दिवस बसून कांद्याची प्रतवारी करणाऱ्या स्त्रियाही आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. रोजंदारीवरच्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही. ‘पूर्ण विश्रांती घ्या’ हा सल्ला तिच्या कानी ‘मजुरी सोडा’ असाच पडतो. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागासाठी तिला साठेक किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते. त्या नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात ५५ अर्भके दगावली. त्यांत अपुऱ्या दिवसांची आणि अत्यल्प वजनाची बरीच होती. अनेकांना अखेरच्या अवस्थेत तेथे आणले गेले, असे तेव्हा सांगण्यात आले. यातून एकच अर्थ निघतो. बाळाला पेटीपर्यंत पोहोचवण्याआधी आईलाच, पोटात बाळ असताना, योग्य ठिकाणी पोहोचवले पाहिजे. बाळाची फुप्फुसे पक्व करणारे इंजेक्शन आईला प्रसूतीपूर्वीच द्यावे लागते; नंतर त्याचा उपयोग नाही.

घाई करणाऱ्यांनी हे ऐकावे. एकदा वेळेआधी प्रसूत झालेल्या स्त्रीला पुन्हा तसे होण्याचा धोका इतरांहून दीड-दोन पट असतो, आणि सहा महिन्यांच्या आत दिवस गेले तर तो आणखी वाढतो. जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी निदान २४ महिने जावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २००५ साली केली.

आता ‘थांबाच’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. अशा बहुसंख्य स्त्रियांची पुढची खेप दिवस भरून होते. पहिले बाळ लवकर का आले, यावर सारे अवलंबून असते: रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे, की गर्भाशयाचे तोंड आखूड होणे? शेवटचे कारण असेल, तर चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत ते दिसते आणि टाका घालता येतो किंवा औषध देता येते. (औषधांच्या बाबतीतही डोळे उघडे हवेत. ज्या एका इंजेक्शनवर अमेरिकेत वर्षानुवर्षे भिस्त होती, ते निरुपयोगी ठरून २०२३ साली बाजारातून काढले गेले.) जगलेल्या बाळाच्या भवितव्याविषयीही अकारण भीती पसरवली जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत घेतला. सरासरी बुद्ध्यंक बरोबरीच्या मुलांहून काहीसा कमी, पण सर्वसाधारण मर्यादेत. काहींना अभ्यासात अडचणी. याला सर्वनाश म्हणत नाहीत. मात्र अशा मुलाला पहिली दोन-तीन वर्षे आईचे दोन्ही हात लागतात, आणि अंतर राखण्याचे हे कारण वैद्यकीय कारणाइतकेच सबळ आहे.

राहिला ‘देव देईल तेव्हा घ्यावे’ हा युक्तिवाद. तो करणाऱ्यांनी ख्रिस्तसभेची शिकवण वाचलेली नसते. मुलांविषयीचा अंतिम निर्णय दांपत्याने देवासमोर स्वतःच घ्यायचा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली म्हटले. कृत्रिम साधनांना ठाम नकार देणाऱ्या पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकातही, गंभीर कारणास्तव काही काळ किंवा अनिश्चित काळ मूल न होऊ देणाऱ्या जोडप्याला जबाबदार पालकच मानले आहे. सात शस्त्रक्रियांनंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका स्त्रीची आपण कानउघाडणी केली, असे पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पत्रकारांना सांगितले होते. मग सासूबाई, शेजारीण वा डॉक्टर यांना हा अधिकार दिला कोणी?

वाट पाहणे फुकट नसते, हे मान्य. पस्तिशी गाठलेल्या स्त्रीला दोन वर्षे जड जातात. तिचा हिशेब विशीतल्या मुलीहून वेगळा असेल. म्हणूनच तो तिने आणि तिच्या नवऱ्याने मांडायचा. आपल्या धर्मग्रामातील मंडळांना काही करायचेच असेल, तर सोनोग्राफीचे पैसे, नाशिकच्या फेऱ्यांचे भाडे आणि पाचव्या महिन्यापासून बुडणाऱ्या मजुरीची भरपाई यांची तजवीज त्यांनी करावी, आणि ती होईपर्यंत तिच्या दारात जाऊन पुढच्या पाळण्याची चौकशी बंद ठेवावी.