गुप्तधन आणि उघड लिलाव

हुडकेश्वर या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. 'हुडकणे' या क्रियापदाशी त्याचे जे नादसाम्य आहे, ते मोठे सूचक आहे. नागपूरच्या दक्षिणेकडील या एकेकाळच्या खेड्यात शेते मोडून ले-आउट पडले आणि खेडे शहरात विरघळले. पण जुनी जमीन खणली जाते तेथे हंड्याची गोष्ट निघतेच, आणि विदर्भात ती निघण्यासाठी नागपूरकर भोसल्यांचे नाव तयारच असते. गोष्टीचा सांगाडा सर्वांना पाठ आहे. इंग्रज चालून आले, राजाला पळावे लागले, खजिना रातोरात गाड्यांवर लादून कुठेतरी पुरला गेला, पुरणाऱ्या मजुरांची तोंडे कायमची बंद केली गेली आणि धनावर नाग बसला. तो नाग अजून बसलेला आहे.

या वदंतेविरुद्ध लिहिण्याचे आम्ही योजले आहे. ती खोटी आहे एवढ्याचसाठी नव्हे. खोट्या गोष्टींवाचून साहित्य चालत नाही, हे आम्हीही जाणतो. आमचा आक्षेप साहित्याच्या वर्गांत आणि चर्चासत्रांत तिला मिळू लागलेल्या प्रतिष्ठेला आहे. 'लोकस्मृती', 'पर्यायी इतिहास', 'मौखिक परंपरेचा प्रतिरोध' अशी भारदस्त बिरुदे लावून गुप्तधनाच्या कथांना जो मानाचा पाट दिला जातो, तो आम्हाला अनाठायी वाटतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : गुप्तधनाची वदंता ही स्मृती नव्हे, ती विस्मृतीची एक सुबक पद्धत आहे.

आधी सांगाडाच तपासू. पराभूत सेनापती, अपुरा वेळ, गुप्त जागा, मारले गेलेले साक्षीदार, हरवलेला नकाशा. ही मांडणी वऱ्हाडची नाही आणि नागपूरचीही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता याने आशियातून लुटलेले सोने फिलिपाइन्सच्या बेटांवर पुरून ठेवले, अशी वदंता आहे. यामाशिताला १९४६ साली फाशी झाली आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनी तेथील डोंगर उकरले. त्या कथेतही सुरुंग खणणारे आतच गाडले जातात. नावे बदला, बैलगाडीच्या जागी लष्करी ट्रक घाला, नागाच्या जागी सुरुंगाचा सापळा ठेवा, गोष्ट तीच. जी गोष्ट नागपुरात आणि लुझॉनमध्ये एकाच साच्यातून निघते, तिला नागपूरची स्मृती म्हणण्यात काय अर्थ? स्मृतीला गावाची माती लागलेली असते. या गोष्टीला मातीखालच्या हंड्यापलीकडे मातीशी कर्तव्यच नाही.

आता नागपुरात काय घडले ते पाहू. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. १६ डिसेंबरला जनरल डव्हटनच्या फौजेने सक्करदऱ्याच्या बाजूला भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. हुडकेश्वरपासून ते रणक्षेत्र फार दूर नाही. शहरातील अरब शिपाई मात्र हटले नाहीत. २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि महिनाअखेरीस तह करूनच त्यांनी शहर सोडले. आणि आप्पासाहेब? ज्या राजाने गाड्या भरून पळ काढला असे गोष्ट सांगते, तो राजा लढाईच्या दिवशीच इंग्रजांच्या स्वाधीन झालेला होता. जानेवारी १८१८ मध्ये त्याला अटी घालून पुन्हा गादीवर बसवले गेले, मार्चमध्ये त्याला अटक झाली आणि मे महिन्यात अलाहाबादेकडे नेत असताना, जबलपूरच्या बाजूला, शिपायाच्या वेषात तो कैदेतून निसटला. महादेवाचे डोंगर, अशीरगड, पंजाब असा भटकत अखेर तो जोधपूरच्या आश्रयाला गेला आणि १८४० साली तेथेच वारला. पहारेकऱ्यांच्या गराड्यातून शिपायाच्या कपड्यांत निसटणारा माणूस बरोबर खजिन्याच्या गाड्या नेत नसतो. वदंतेने आप्पासाहेबाच्या आयुष्यातला खरा विलक्षण भाग, म्हणजे त्याची ती दोन दशकांची वणवण, टाकून दिला आणि त्याच्या हाती एक न भरलेला हंडा दिला. कथा म्हणूनही हा सौदा तोट्याचाच आहे.

मग भोसल्यांची संपत्ती गेली कुठे? या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते जमिनीखाली नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्रावाचून वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला. त्याच्याच मंडळातील जॉन लो याने विरोध नोंदवला, पण १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर राजवाड्यातील जडजवाहीर, सामानसुमान, हत्ती, घोडे, बैल यांची मोजदाद झाली आणि विक्री झाली. जनावरे सीताबर्डीला लिलावात काढली गेली, जवाहिर कलकत्त्याला गेले. वृद्ध बाकाबाईने आणि राजस्त्रियांनी केलेला विरोध कोणी जुमानला नाही. हे सारे दिवसाढवळ्या, कागदोपत्री, दवंडी पिटून घडले. येथे नाग नव्हता, कारकून होता. अमावास्येची रात्र नव्हती, कचेरीची वेळ होती.

नागपूरपुरतीच ही गोष्ट नाही. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातील, पुढे पेशव्यांकडे आलेला 'नासक' हिरा १८१८ च्या युद्धात इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला गेला, जवाहिऱ्यांना विकला गेला, एका मार्क्विसच्या संग्रहात शोभला आणि विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा पैलू पाडून घेऊन ४३ कॅरटांवर आला. त्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने सांगता येतो. आणि अगदी अलीकडे, एप्रिल २०२५ मध्ये, पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. तिच्यावर रघूजींचे नाव देवनागरीत कोरलेले आहे. भोसल्यांच्या वैभवाची एक खूण परत मिळाली, तीही लिलावाच्या सूचीत. जिच्यावर आपले नाव आहे ती वस्तू आपणच पैसे मोजून घ्यावी, यात केवढी कथा आहे! तिच्यावर कादंबरी लिहावी असे आमच्या लेखकांना का वाटू नये?

वदंता आणखी एक गोष्ट पद्धतशीरपणे विसरायला लावते. खजिना कोठे गेला हे ती चुकीचे सांगते; तो कोठून आला हे ती विचारतच नाही. पहिल्या रघूजींच्या फौजा १७४० च्या दशकात भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर वर्षामागून वर्षे चालून गेल्या. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाला ओरिसा सोडावा लागला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल करावी लागली. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांचे जे हाल झाले, त्यांचे वर्णन गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात केले आहे. 'बर्गी' हा शब्द तेथे लहान मुलांना भीती घालण्यासाठी शिल्लक राहिला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही विचारतो : लोकस्मृतीच हवी असेल, तर ही घ्या की! एकाच संपत्तीची एक स्मृती मेदिनीपूर-बर्दवानच्या अंगाई गीतांत राहते आणि दुसरी नागपूरच्या हंड्यात; पहिलीत माणसे आहेत, दुसरीत फक्त मोहरा. ज्यांच्या कणगीतून त्या मोहरा आल्या त्यांना दुसऱ्या गोष्टीत स्थान नाही. आपण लुटले हे विसरायचे, आपल्याला कायद्याच्या भाषेत लुटले गेले हेही विसरायचे, आणि 'ते धन अजून इथेच आहे' म्हणून समाधान मानायचे. पराभवाचे आणि पापाचे असे एकाच वेळी विसर्जन करणारी दुसरी युक्ती आम्हाला ठाऊक नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात शेतकरी उठावांमध्ये अफवेने बजावलेली भूमिका दाखवून दिली. ज्यांच्या हाती छापखाना नाही त्यांचे ते बोलणे असते. १८५७ च्या आरंभी गावोगाव फिरलेल्या चपात्या आठवाव्यात. मग गुप्तधनाची वदंता तेवढी वाईट कशी? आमचे उत्तर असे की, अफवा काय करते यावरून तिचे मोल ठरते. उठावाची अफवा माणसांना एकत्र आणते. ती एकाने दुसऱ्याला सांगावी म्हणूनच असते. गुप्तधनाची वदंता माणसाला शेजाऱ्यापासून तोडते. ती कुजबुजली जाते ती वाटेकरी वाढू नयेत म्हणून. तिचा नायक समूह नाही; तो पायाळू माणूस आहे, अंजन लावणारा मांत्रिक आहे, मध्यरात्री कुदळ घेऊन निघालेला एकटा माणूस आहे. दोन्ही मौखिक आहेत म्हणून दोन्ही प्रतिरोध, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आणि या कुदळीखाली काय काय येते, तेही पाहावे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे कोवळ्या मुलींच्या आणि स्त्रियांच्या हत्यांची मालिका घडली. तिच्यामागच्या हेतूंत गुप्तधनाची लालसा होती. २०२४ साली त्यावर वेबमालिका निघाली आणि आपण ती भोजनोत्तर करमणूक म्हणून पाहिली. नागपुरातच १९८२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीला, आणि पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांना, ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तो डॉक्टरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अमानुष कृत्ये स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. कायद्याच्या मसुद्यात जो शब्द गुन्ह्याच्या संदर्भात येतो, तो आपल्या शोधनिबंधांत अलंकारासारखा वापरताना हात थोडा तरी अडखळावा, अशी आमची अपेक्षा आहे. मांडुळासारखा निरुपद्रवी सापही या लोभातून सुटत नाही.

हानी जमिनीचीही होते. नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा येथे लोहयुगातील शिलावर्तुळे आहेत. डॉ. शां. भा. देव यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांतील काहींचे उत्खनन करून लोखंडाची अवजारे, घोड्यांचे अलंकार, मणी प्रकाशात आणले. राजाविना, ग्रंथाविना राहिलेल्या माणसांचा तो एकमेव दस्तऐवज आहे. गुप्तधन शोधणाऱ्याला मात्र ते दगडांचे कडे म्हणजे हंड्याची खूण वाटते. त्याने एकदा मातीचे थर उलटेपालटे केले की ते पान कायमचे फाटले. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पण फाटलेल्या थरांची वर्दी कोण देणार?

साहित्याने लोभाच्या गोष्टी सांगू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. २०१८ च्या 'तुंबाड' या चित्रपटाने खजिन्याचीच गोष्ट सांगितली. पण सोने कोणत्या भुकेने मिळते आणि ती भूक बापाकडून मुलाकडे कशी जाते, हे त्याने विचारले. प्रश्न विचारणारी कथा आणि प्रश्न झाकणारी कथा यांत भेद करणे हेच तर समीक्षेचे काम. ते काम सोडून समीक्षा स्वतःच अंजन लावून बसली, तर विद्यार्थ्यांनी कोणाकडे पाहावे?

म्हणून अध्यापक मित्रांना आमची विनंती आहे. 'वदंता आणि लोकमानस' या विषयावर आणखी एक प्रबंध नोंदवण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती लिलावाचे कागद द्या, बाकाबाईच्या तक्रारी द्या, गंगारामाचे काव्य द्या. एका हत्तीची किंमत आकड्यात मांडणाऱ्या कारकुनाचे गद्य वाचायला शिकवा. त्या कोरड्या गद्यात जेवढा करुणरस आहे तेवढा शंभर हंड्यांत नाही. हुडकायचे तर हे हुडकावे. त्यासाठी अमावास्या लागत नाही, पायाळू माणूसही लागत नाही. ग्रंथालयाची वेळ तेवढी सांभाळावी लागते.