बाबासाहेबांचे नाणे आणि लाखाचे आमिष

'बाबासाहेबांचे चित्र असलेले एक रुपयाचे नाणे द्या, लाख रुपये घ्या', असे निरोप आमच्या वस्त्यांतील मोबाइलवर फिरत आहेत. आधी नोंदणी फी, मग कर. बिगारी करणारा आमचा बांधव उसने काढून पैसे भरतो आणि फोन बंद होतो. जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले. पण बँकेची पत्रके वस्तीत कोण वाचतो?

हे नाणे १९९० मध्ये जन्मशताब्दीनिमित्त निघाले. तांबे-निकेलचे, वजन ६ ग्रॅम. ते चलनासाठीच पाडले होते, म्हणून आजही घरोघरी सापडते. दुर्मीळ नसलेल्या वस्तूला लाख कोण देईल? चष्म्याची कड, केस, गाल हे उंच भाग आधी झिजतात. तेथे रेषा स्पष्ट असतील आणि टाकसाळीची मूळ चमक टिकली असेल, तरच संग्राहक जरा जास्त मोजतो. झिजलेल्याला रुपयाच्या वर फारसे कोणी देत नाही.

आमच्या मायभगिनी जयंतीच्या आदल्या दिवशी ते चिंचेने घासतात. भावना निर्मळ, पण चमक गेली ती परत येत नाही आणि जाणकार असे नाणे बाजूला सारतो. लॉकेटसाठी भोक पाडले तर, विद्रूप केलेले नाणे २०११ च्या नाणे कायद्यानुसार कायदेशीर चलन राहत नाही.

६ डिसेंबर २०१५ रोजी १२५ रुपयांचे नाणे निघाले. ते ३५ ग्रॅमचे, त्यात निम्मी चांदी. ते चलनासाठी नाही, त्याला चांदीचा भाव तरी आहे. सोबत १० रुपयांचेही निघाले, ते मात्र चलनातले. तरी दुकानदार १० चे नाणे नाकारत राहिले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये, १० च्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या महामानवाचे नाणे गल्ल्यावरून परत यावे, याची आम्हाला लाखाच्या थापेहून अधिक चीड येते.

फसवणूक झाली असेल तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा, निरोप पुसू नका, पैसे भरल्याची पावती जपा.