कुष्ठाचा भाव आणि उगम

वनौषधींवरील शासकीय निर्बंधांमुळे औषधनिर्मिती कठीण झाली, अशी तक्रार वैद्य व फार्मसीचालक नेहमी करतात. कुष्ठाचे उदाहरण घेऊन ती तपासून पाहू. औषधासाठी मूळच लागत असल्याने हिमालयातील ही वनस्पती समूळ उपटली गेली. परिणामी १९८५ साली आंतरराष्ट्रीय 'साइटिस' कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर रानातील कुष्ठ खणण्यास व विकण्यासही बंदी आली. लाहौलच्या शेतांत मात्र कुष्ठ पिकते. लागवडीचा हा मार्ग कायद्याने परवान्यासह मोकळा ठेवला आहे.

जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या वनौषधींना सवलत दिली, ती उगमाच्या प्रमाणपत्रावर. हे प्रमाणपत्र व्यापाऱ्याकडे मागणार कोण? तपासनाका प्रत्येक पोते उघडू शकत नाही. खरेदीदार उघडू शकतो. आपण भाव विचारतो, उगम विचारत नाही. कागदपत्रांवाचून आलेला स्वस्त माल आपणच नाकारला, तर लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास रास्त दर मिळेल आणि रानातील मुळे रानातच राहतील. द्रव्यच नामशेष झाले, तर ग्रंथोक्त पाठ कशाच्या आधारे सिद्ध करणार?