एका खटक्याची जागा

भिसेगाव कर्जत स्थानकाला लागून आहे. तिथून मुंबईचे सीएसएमटी सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे लोकलने दोन तास जायला आणि दोन तास यायला. एवढा वेळ कानांवर हेडफोन असले की आवाजाच्या दर्जाकडे लक्ष जाऊ लागते. सोल्डरिंगचा हात बसलेली मुले मग खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाचा क्षीण विद्युतसंदेश सशक्त करणारे यंत्र, घरीच जोडतात. त्यातला सगळ्यात स्वस्त सुटा भाग म्हणजे चालू-बंद करायचा खटका. तो बहुधा सर्वात शेवटी जोडला जातो आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

या छंदातला सर्वात परिचित आराखडा चू मॉय यांचा. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसणारा हा ‘सीमॉय’ ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतो. त्याच्या मध्यभागी ऑप-अँप असतो. ही आठ पायांची चिप संदेश मोठा करते. आवाजाची लहर मधल्या रेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे जाते, म्हणून चिपला अधिक, उणे आणि मधला शून्य असे तीन बिंदू लागतात. एकाच बॅटरीतून हा मधला बिंदू मिळवण्यासाठी दोन सारखे रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला अटकाव करणारे भाग, एकापुढे एक जोडतात. त्यांच्या सांध्यावर ४.५ व्होल्ट मिळतात आणि तोच बिंदू शून्य मानला जातो.

आता खटका कुठे बसवायचा? बॅटरीच्या अधिक टोकाला लागूनच, इतर कशाच्याही आधी. तो रेझिस्टरच्या जोडीनंतर बसवला तर अ‍ॅम्प्लिफायर गप्प होतो, पण जोडीतून प्रवाह वाहतच राहतो. दोन्ही रेझिस्टर ४.७ किलोओहमचे असतील तर हा प्रवाह जवळपास १ मिलिअँपिअर असतो. बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तास धरली तर ती वीस-एकवीस दिवसांत संपते, तीही डबीला हात न लावता. सूचक दिव्याचेही तसेच. तो खटक्याच्या पलीकडेच हवा.

इथवर नुकसान बॅटरीपुरते आहे. खरा धोका दोन बॅटऱ्यांच्या मांडणीत आहे. आवाज अधिक मोकळा यावा म्हणून अनेकजण ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतात. एक अधिक बाजूला, एक उणे बाजूला, आणि दोघींचा सांधा हे शून्य. खटका मात्र सवयीने एकाच तारेत टाकला जातो. बंद केल्यावर अधिक बाजू सुटते, उणे बाजू तशीच राहते, आणि चिपचे बाहेर जाणारे टोक उणे बाजूकडे ओढले जाऊ शकते. तेव्हा हेडफोनच्या बारीक कॉइलमधून एकाच दिशेने प्रवाह वाहू लागतो. पडदा कंप पावण्याऐवजी एका बाजूला खेचलेला राहतो आणि कॉइल तापते. खटका मधल्या सांध्यात टाकला तर चिपवर पूर्ण १८ व्होल्ट कायम राहतात, म्हणजे यंत्र बंद होतच नाही.

उपाय साधा आहे: दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा, दोन पोलांचा, सहा पायांचा टॉगल. त्याच्या दोन्ही रांगांतला मधला पाय सामाईक असतो. एक गोष्ट नवख्याला फसवते. दांडी खाली असते तेव्हा सहसा मधला पाय वरच्या पायाशी जोडलेला असतो. म्हणून अंदाजावर न जाता मल्टिमीटरने तपासूनच डाख द्यावा, आणि सोल्डरगन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण खटक्याचे प्लास्टिक वितळले की आतले संपर्क सरकतात.

घरातल्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला वेगळा नियम लागतो. दोन पिनांचा प्लग उलटासुलटा बसतो, त्यामुळे फेज कोणत्या तारेत येईल हे सांगता येत नाही. एका तारेतला खटका बंद असला तरी ट्रान्सफॉर्मर जिवंत राहू शकतो. तिथे तीन पिनांचा प्लग, फ्यूज, अर्थ केलेला पत्र्याचा डबा आणि २५० व्होल्ट एसीसाठी बनवलेला दोन पोलांचा रॉकर हवा. खटक्यावर छापलेला एसीचा आकडा डीसीला लागू पडत नाही. ५० हर्ट्झची एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी विझते. डीसीत ती संधी मिळत नाही. कर्जतवरून घाट चढणारी रेल्वे अनेक दशके १५०० व्होल्ट डीसीवर चालली, तिथे प्रवाह तोडणे हे स्वतंत्र शास्त्रच होते. ९ व्होल्टच्या डबीत हा प्रश्न येत नाही.

दोष मुलांचा आहे असे आम्हाला वाटत नाही. बहुतेक आकृत्यांत खटका म्हणजे रेषेतली एक छोटी फट असते, आणि दोन पोल एकत्र हलतात हे सांगणारी तुटक रेषा अनेकदा काढलेलीच नसते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५चे, भिवपुरीचे १९२२चे. ज्या परिसरात शंभर वर्षे वीज तयार होते आहे, तिथल्या शाळांतल्या आणि आयटीआयमधल्या शिक्षकांनी प्रत्येक जोडणीनंतर एक प्रश्न जरूर विचारावा: खटका बंद केल्यावर वीज कोणकोणत्या बिंदूंवर उरते?

या प्रश्नाचे उत्तर घरीही मिळवता येते. हेडफोन लावण्याआधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बाहेरच्या सॉकेटवर टेकवावा आणि खटका दहा वेळा चालू-बंद करावा. चालू असताना आकडा मोजक्या मिलिव्होल्टच्या आत असावा. बंद केल्यावर तो क्षणभर हलून शून्यावर यावा. वेगळ्याच आकड्यावर अडकून राहिला, तर डबीचे झाकण लावू नये. एखादी तार अजून तुटलेली नाही.