घरगुती शास्त्र : फळें कां नासतात ?

गेल्या कार्तिकांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें काश्मीरहून परततांना सफरचंदांची एक लहानशी पेटी आम्हांस आणून दिली. आमचें कुटुंब नुकतेंच दीर्घ दुखण्यांतून उठलें होतें व वैद्यांनीं फळें देण्यास सांगितलें होतें. तेव्हां ही भेट मोठी प्रसंगोचित वाटली. मुंग्या व उंदीर यांपासून रक्षण व्हावें म्हणून आम्हीं तीं सफरचंदें आणि बाजारांतून आणलेलीं डझनभर केळीं एका मोठ्या पितळी डब्यांत घालून झाकण घट्ट लावलें. चौथ्या दिवशीं डबा उघडतांच आंबूस वास आला. केळीं काळीं पडून त्यांस पाणी सुटलें होतें. आम्ही तसेच तावातावानें फळवाल्याकडे गेलों व शिळा माल दिल्याबद्दल चार लोकांदेखत त्यास नाहीं नाहीं तें बोललों. त्यानें शांतपणें एवढेंच विचारलें, “मास्तर, केळीं सफरचंदांबरोबर ठेवलीं होतीं काय ?” चौतीस वर्षें मुलांस प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचें मर्म कळलें नाहीं. घरीं येऊन ग्रंथ चाळले, तेव्हां कळलें.

पहिली गोष्ट ही कीं, झाडावरून तोडलेलें फळ मेलेलें नसतें. तें श्वासोच्छ्वास करीत असतें. हवेंतील प्राणवायु घेऊन तें आपल्या पोटांतील साखर जाळतें व कर्बवायु, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतें. झाडाकडून नवी शिदोरी मिळणें बंद झालेलें असल्यामुळें सांठा संपेपर्यंतच त्याचें आयुष्य. उष्णमान दहा अंशांनीं वाढलें कीं हा खर्च सुमारें दुपटीतिपटीनें वाढतो. फळ थंड ठेवावयाचें तें याकरितां.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. आंबा, केळें, चिकू, पपई, सफरचंद हीं फळें पिकूं लागतांना इथिलीन नांवाचा एक वायु सोडतात. द्राक्षें, संत्रें, लिंबू यांचें तसें नाहीं. तीं तोडल्यावर अधिक पिकत नाहींत. या वायूचा वनस्पतींवर परिणाम होतो हें नेल्युबोव नामक रशियन शास्त्रज्ञानें १९०१ मध्यें दाखविलें, आणि फळ स्वतःच तो निर्माण करतें हें १९३४ मध्यें इंग्लंडांत रिचर्ड गेन यांनीं सिद्ध केलें. इथिलीन लागलें कीं शेजारचें फळ पिकूं लागतें व तेंही इथिलीन सोडूं लागतें. आमच्या कोंकणांतील आजीबाई पेंढ्यांत आंब्यांची अढी घालीत, ती हीच युक्ति. पेंढ्यांत ऊब राहते आणि वायूही कोंडतो. दुखावलेलें फळ हा वायु अधिकच सोडतें, शिवाय त्याच्या जखमेंतून बुरशीचा शिरकाव होतो. एक नासका आंबा अढी नासवतो, या म्हणींत हें सारें शास्त्र आलेलें आहे. सफरचंद तर इथिलीन सोडण्यांत फारच उदार. आमच्या केळ्यांचा काळ तेंच झालें. भरीस घट्ट झाकणामुळें प्राणवायु कमी पडला व फळें आंतल्या आंत आंबूं लागलीं.

हाच कोंडमारा मोजूनमापून केला तर मात्र तारक ठरतो. किड व वेस्ट या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, थंड कोठींत प्राणवायु कमी व कर्बवायु थोडा अधिक ठेवल्यास सफरचंद महिनोन्‌महिने टिकतें. आज अशा कोठींत प्राणवायु शेंकडा दोनतीनच ठेवतात. चैत्रांत आपण खातों तें सफरचंद मागील शरदांत तोडलेलें असूं शकतें, तें यामुळेंच.

गृहिणींनीं यांतून काय घ्यावें ? सफरचंदें फ्रिजमध्यें, परंतु इतर फळें व पालेभाज्या यांपासून निराळीं ठेवावीं. केळीं बाहेर हवेशीर टांगावीं. तेरा अंशांहून अधिक थंडींत त्यांची साल काळी पडते. कच्चा आंबाही फ्रिजमध्यें ठेवूं नये. तेथें तो नीट पिकत नाहीं. फळें खाण्याच्या वेळींच धुवावीं, कारण ओलाव्यावर बुरशी वाढते. रोज एकदां हात फिरवून डागी फळ बाजूस काढावें. उलट चिकू लवकर पिकावयास हवे असतील, तर त्यांच्या टोपलींत एक सफरचंद ठेवून पाहावें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही फळवाल्याकडे पुन्हा गेलों व चूक कबूल केली. तो हंसला, आणि नवीं केळीं कागदांत बांधतांना म्हणाला, “हीं मात्र वेगळीं ठेवा.” ज्या चौघांदेखत आम्ही त्यास बोललों होतों, ते त्या वेळीं तेथें नव्हते. ती उणीव या लेखानें थोडीतरी भरून निघावी, एवढीच इच्छा.