रात्री बाराला मरणारे जीबी

शहाद्याला गेलो की आप्पांचा प्रश्न ठरलेला, "वायफाय घिऊ का रे?" शेवटी परवा एक्सेल उघडून बसलो (सवय, दुसरं काय!).

जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीवाला प्लॅन २३९ वरून २९९ झाला. मुदत २८ दिवस, म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज. ३,८८७ रुपये. आई-आप्पा मिळून ७,७७४. ३९९ चं फायबर जीएसटीसकट वर्षाला साधारण ५,६५०.

फायबर स्वस्त? थांबा मंडळी! सिम चालू ठेवावंच लागतं, ओटीपी कुठे येणार? आधारची सुरुवात २०१० साली आमच्याच जिल्ह्यात टेंभलीला झाली, तेव्हा हे कुणाच्या डोक्यात होतं... म्हणजे फायबर हा वरचा खर्च. शिवाय वीज गेली की राउटर आडवा.

आप्पांचा फोन बघितला. दिवसाला जेमतेम ३०० एमबी, बाकी सगळं रात्री बाराला फुकट. आईला तर नुसता कॉल-एसएमएसचा प्लॅन पुरे, ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये तो कंपन्यांना सक्तीचा केलाय. तेव्हा वायफाय नको, असं मी जाहीर केलं.

"आम्हाले कुठं पाहिजे," आप्पा म्हणाले, "तू इथून काम करशील म्हणून विचारत होतो."

सोमवारी फायबरवाल्याला फोन करतोय.